खाऱ्या वाऱ्याच्या भरवशावर हृदय : परिसर, धूर आणि आपली जबाबदारी

दरवर्षी २९ सप्टेंबर हा जागतिक हृदय दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने ठिकठिकाणी रक्तदाब तपासणीची शिबिरे भरतात, डॉक्टरांची व्याख्याने होतात आणि श्रोते ओळखीचाच उपदेश ऐकून घरी परततात : तंबाखू सोडा, मीठ व तेल कमी करा, रोज चाला, चिंता करू नका. हा उपदेश योग्यच आहे. त्यात उणे काढण्याचा आमचा हेतू नाही. तथापि हा सारा उपदेश एकट्या व्यक्तीला उद्देशून असतो. ती व्यक्ती कोणत्या स्वयंपाकघरात वावरते, कोणत्या रस्त्याच्या कडेला राहते, कोणत्या विहिरीचे पाणी पिते आणि रात्री तिला किती शांत झोप मिळते, याची विचारपूस त्यात क्वचितच होते. गेल्या दोन-तीन दशकांतील वैद्यकीय संशोधनाने मात्र नेमक्या याच गोष्टींकडे लक्ष वेधले आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, विशेषतः मालवण किनाऱ्यावरील आपल्या कुटुंबांनी या संशोधनाचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

एक जुना समज

किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या लोकांच्या मनात एक समज पक्का रुजलेला आहे. मुंबईची हवा वाईट, गावची हवा चांगली. धूर आणि धूळ शहराच्या वाट्याला, आपल्याला समुद्राचा वारा. सुट्टीवर आलेला चाकरमानी अंगणात उभा राहून दीर्घ श्वास घेतो, तेव्हा त्याच्या मनात हाच भाव असतो. या समजात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे हवा मोकळी ठेवतात, हे खरे. सूर्यास्तानंतर मात्र ते पडतात. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे बहुधा मंद असतात. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच बसते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडल्यासारखे होते. संध्याकाळच्या चुलींचा आणि पहाटे पेटवलेल्या पातेऱ्याचा धूर माडांच्या उंचीवर निळसर पट्ट्यासारखा तरंगताना आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तो धूर समुद्राने वाहून नेलेला नसतो. तो आपल्या वाडीतच असतो.

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांसाठी हा कार्यक्रम आहे. महाराष्ट्रातील शहरांच्या यादीत घाटावरील कोल्हापूर व सांगली आहेत. सिंधुदुर्गातील एकही गाव वा शहर नाही. यावरून आपली हवा निर्मळ असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, असे कोणी मानू नये. हवा मोजणारे यंत्र शहराच्या चौकात उभे असते. मालवण तालुक्यातील एखाद्या घराच्या मागील पडवीत, चुलीपासून दोन हातांवर बसलेल्या स्त्रीच्या श्वासात किती धूर जातो, हे ते यंत्र सांगत नाही.

धूर हृदयापर्यंत कसा पोहोचतो

धुराचा संबंध फुप्फुसाशी, दम्याशी, खोकल्याशी आहे हे सर्वांस ठाऊक असते. हृदयाशी त्याचा काय संबंध, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर धुरातील कणांच्या आकारात आहे. लाकूड, पालापाचोळा, डिझेल वा कचरा जळताना जे कण निघतात, त्यांपैकी अनेकांचा व्यास अडीच मायक्रोमीटरहून कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाहून लहान असतो. नाकातील केस व घशातील ओलावा त्यांना अडवू शकत नाही. ते फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत जातात. तेथे शरीराचा प्रतिकार जागा होतो, दाह निर्माण होतो आणि त्या दाहाचे पडसाद रक्तातून साऱ्या शरीरात उमटतात. रक्तवाहिन्यांचे नाजूक अस्तर बिघडते, त्या आकसतात, रक्तदाब वाढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि वाहिन्यांच्या भिंतीवर मेदाचे थर हळूहळू साचतात. असा थर एखाद्या दिवशी फुटला, तर त्यावर गुठळी धरते व हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो. याखेरीज धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो आणि आधीच अशक्त असलेल्या हृदयावर अधिक भार टाकतो.

ही केवळ प्रयोगशाळेतील कल्पना नव्हे. २००८ साली बीजिंग येथे ऑलिंपिक स्पर्धा झाल्या, तेव्हा चीनच्या सरकारने काही आठवड्यांपुरते कारखाने व वाहने यांवर कडक निर्बंध घातले. त्या काळात १२५ निरोगी तरुण डॉक्टरांच्या रक्ताची तपासणी करण्यात आली. हवा सुधारताच रक्त गोठण्याशी संबंधित काही घटकांचे प्रमाण घटले. निर्बंध उठल्यावर ते पुन्हा वाढू लागले. तरुण व धडधाकट माणसांच्या रक्तावर हवेचा परिणाम इतक्या थोड्या दिवसांत दिसतो, तर जन्मभर त्याच हवेत राहणाऱ्यांचे काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आपल्या देशातील ग्रामीण भागाचा पुरावाही उपलब्ध आहे. हैदराबादजवळील २८ गावांत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यात मानेतील मुख्य रक्तवाहिनीच्या भिंतीची जाडी मोजण्यात आली. ही जाडी पुढील हृदयविकाराची व पक्षाघाताची पूर्वसूचना मानली जाते. ज्यांच्या श्वासात सूक्ष्म कण अधिक, त्यांच्यात ही जाडी अधिक आढळली. लाकूडफाट्यावर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांतही ती अधिक होती. ही गावे कारखान्यांची नगरी नव्हती, हे लक्षात घ्यावे.

देशपातळीवरील चित्र गंभीर आहे. भारतात २०१९ साली सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यूंमागे हवेचे प्रदूषण हे कारण असल्याचा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला. त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण १७.८ टक्के होते. यांतील मोठा वाटा फुप्फुसाच्या विकारांबरोबरच हृदयविकार व पक्षाघात यांचा आहे. १९९० ते २०१९ या काळात घरातील धुरामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर सुमारे ६४ टक्क्यांनी घटला, ही त्यातील आशेची बाजू. बाहेरील हवेमुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर मात्र त्याच काळात दुपटीहून अधिक झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम इतकी सुचविली. भारताच्या २००९ च्या मानकांत ती ४० आहे. म्हणजे जी हवा आपल्या कायद्याने चालण्याजोगी ठरते, तीही हृदयाला मानवेलच असे नाही.

जिने तंबाखूला कधी हात लावला नाही

या साऱ्या विवेचनाचा रोख आम्हांस विशेषतः एका व्यक्तीकडे न्यावासा वाटतो. ती आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहे. वयाने साठीच्या आसपास. तिने आयुष्यात विडी ओढली नाही, मिश्री लावली नाही, मद्याला स्पर्श केला नाही. पहाटे उठून तिने चूल पेटवली. सोडणे, चुडते, करवंट्या, काजूची वाळकी लाकडे जाळून आंघोळीचे पाणी तापवले, पेज शिजवली, मासळीची कढी केली. पावसाळ्यात लाकडे ओली, तेव्हा फुंकणीने फुंकून डोळे लाल केले. चाळीस वर्षे तिने हे केले. आता जिना चढताना तिला धाप लागते, पाठीत व जबड्यात कळ येते, मळमळते. घरची माणसे म्हणतात, पित्त झाले असेल. सुंठ-साखर दिली जाते. छातीवर हात ठेवून कोसळणारा पुरुष आपण ओळखतो. स्त्रियांमध्ये हृदयविकार अनेकदा अशा अस्पष्ट लक्षणांनी येतो, हे आपल्या ध्यानी येत नाही. आणि तिने कोणतेही व्यसन केलेले नसल्याने तिला हृदयविकार होईल, ही शंकाच कोणाला शिवत नाही.

२१ देशांतील दीड लाखाहून अधिक लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात भारतही होता. उच्च रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, रक्तातील मेद हे धोके सर्वत्र आढळलेच. परंतु गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत घरातील धूर आणि अपुरे शिक्षण यांचा परिणाम श्रीमंत देशांपेक्षा ठळक दिसला. दुसरीकडे मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालामध्ये उघड्या चुलीच्या जागी धुराडे असलेली चूल दिल्यावर स्त्रियांचा रक्तदाब सुमारे ३ मिलिमीटरने घटल्याचे २००७ साली नोंदले गेले. एका व्यक्तीच्या बाबतीत हा आकडा क्षुल्लक वाटेल. हजारो स्त्रियांचा रक्तदाब तेवढा उतरला, तर कित्येक घरांतील पक्षाघात टळू शकतो.

येथे एक सावधगिरी सांगणे आमचे कर्तव्य आहे. अमुक एका माणसाचा झटका चुलीमुळेच आला, असे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकणार नाही. परिसराचा धोका व्यक्तिगणिक लहान असतो; पण तो साऱ्या वाडीवर, साऱ्या आयुष्यभर पडतो, म्हणून एकूण हिशेबात तो मोठा ठरतो. तसेच चूल गेली म्हणून तंबाखू निर्धोक होत नाही. हे धोके एकमेकांची जागा घेत नाहीत. ते एकमेकांत भर घालतात.

रस्ता, खाण आणि आवाज

चुलीचा धूर जुना आहे. काही ओझी नवी आहेत. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात दुतर्फा असलेली जुनी झाडे गेली, सावली गेली आणि वाहनांचा वेग व संख्या वाढली. कडेच्या घरांना आता डिझेलचा धूर व आवाज दोन्ही सोसावे लागतात. जांभ्याच्या चिरेखाणींची लाल धूळ आणि चिरे वाहून नेणारे ट्रक अनेक गावांना परिचित आहेत. रेडी परिसरातील लोहखनिजाच्या खाणी जुन्या आहेत. दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथील खाणीवरूनही मोठा संघर्ष झाला. केंद्र सरकारने प्राध्यापक माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी नेमलेल्या समितीकडे रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा विशेष विचार सोपविला होता. तिचा अहवाल २०११ साली सादर झाला. त्या अहवालावरील वादात जंगल, पाणी, शेती व रोजगार हे मुद्दे साहजिकच पुढे होते. या यादीत आता माणसाच्या हृदयाचाही समावेश व्हावा, असे आम्हांस वाटते.

आवाजाविषयी आपण अधिकच बेफिकीर आहोत. झोपेत असलेला माणूस आवाज विसरतो, त्याचे शरीर विसरत नाही. रात्रीच्या मोठ्या आवाजाने ताणाची संप्रेरके स्रवतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. वर्षानुवर्षे असे झाल्यास हृदयविकाराचा धोका वाढतो. आपल्या देशात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा त्यांत आहे. जत्रा असो, गणेशोत्सव असो, आपल्या ख्रिस्तमंदिराचे फेस्त असो वा लग्नाआधीच्या रोसची रात्र असो, ध्वनिक्षेपकाच्या भिंती कोणाच्याही श्रद्धेचा भाग नाहीत.

याउलट झाडांचा लाभ मोजता येऊ लागला आहे. अमेरिकेतील लुईव्हिल शहरात काही वस्त्यांमध्ये सुमारे ८ हजार मोठी झाडे व झुडपे लावण्यात आली. तेथील रहिवाशांच्या रक्तातील दाहदर्शक घटक लागवड न झालेल्या वस्त्यांच्या तुलनेत १३ ते २० टक्के कमी आढळल्याचे २०२४ साली सांगण्यात आले. झटक्यांची संख्या घटली, असे यावरून सिद्ध होत नाही. पण दिशा स्पष्ट आहे. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि वर आंबा-फणसाची सावली असलेली आपली जुनी पाणंद ही चालण्यासाठीची उत्तम सोय होती. डॉक्टर 'रोज चाला' म्हणतात. पण चालायचे कोठे, हे गावाने ठरवायचे असते.

मीठ आणि मचूळ पाणी

किनाऱ्याच्या परिसराचा आणखी एक भाग म्हणजे मीठ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ पुरेसे मानते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि ताटात खारवलेला बांगडा, सुकट व लोणची यांचे प्रमाण वाढते. ताजी मासळी हृदयास हितकारक. तीच मिठात मुरविली की तिचा गुण मिठाखाली झाकला जातो. खाडीकाठच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, त्यातूनही मीठ पोटात जाते. बांगलादेशच्या किनारपट्टीवर पिण्याच्या पाण्यातील खारेपणा आणि गरोदर स्त्रियांचा वाढता रक्तदाब यांचा संबंध २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आला. समुद्राची पातळी वाढत असताना आणि खारबंधारे फुटून खारे पाणी शेतांत व विहिरींत शिरत असताना, हा इशारा आपल्यालाही लागू आहे. पाणी खारट लागत नाही, एवढ्यावर समाधान न मानता विहिरीची तपासणी करून घेणे हिताचे.

दवाखान्यापर्यंतचे अंतर

परिसर म्हणजे केवळ हवा-पाणी नव्हे. मदत किती दूर आहे, हाही त्याचाच भाग. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळविण्याचे वा वाहिनी मोकळी करण्याचे उपचार पहिल्या एक-दोन तासांत मिळाले, तर हृदयाचा स्नायू वाचतो. ओरोस येथे जिल्हा रुग्णालय आहे व २०२१ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तरीही गंभीर रुग्णाला घेऊन गोव्यात बांबोळीला धावणे हा आपल्याकडील अनेक कुटुंबांचा अनुभव आहे आणि मालवणहून ते अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. जेथे उपचार दूर, तेथे प्रतिबंधाला अधिक महत्त्व, हा साधा हिशेब आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात उपलब्ध आहे. खासगी वाहन शोधण्यात अर्धा तास घालविण्यापेक्षा प्रथम हा क्रमांक फिरवावा, हे घरातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असले पाहिजे.

आपण काय करू शकतो

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात पर्यावरणाच्या मोठ्या प्रश्नांबरोबरच स्वयंपाक व शेकोटी यांच्या धुराने आजारी पडणाऱ्या गरिबांचा उल्लेख आवर्जून केला आहे. हवामानबदलाच्या जागतिक चर्चेत चुलीपुढे बसलेल्या स्त्रीची आठवण ठेवणारा तो परिच्छेद आपल्या धर्मग्रामांनी पुन्हा वाचावा.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि असंख्य घरांत गॅस पोहोचला. तथापि जोडणी मिळणे आणि सिलिंडर पुन्हा भरता येणे यांत अंतर आहे. पैशांची ओढाताण झाली की गॅस पाहुण्यांच्या चहापुरता उरतो आणि रोजचा स्वयंपाक चुलीवर परततो. आपल्या छोट्या ख्रिस्ती समूहांनी व महिला मंडळांनी आपापल्या वाडीत अशी घरे कोणती, याची शांतपणे चौकशी करावी. बचतगटातून सिलिंडरसाठी उसनवारी देता येईल. आंघोळीच्या पाण्यासाठी सौर बंब घेता येईल. जेथे चूल अटळ आहे, तेथे किमान धुराडे, मोठी खिडकी व वाळकी लाकडे यांची सोय करता येईल.

पातेरा जाळण्याची सवय आपण सोडू शकतो. त्याचे खड्ड्यात उत्तम खत होते. प्लॅस्टिकसह पेटवला तर त्याचे विष होते. याची सुरुवात ख्रिस्तमंदिराचे आवार व दफनभूमी येथून व्हावी. फेस्ताच्या रात्री दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद झाला, तर शेजाऱ्यांना आपले म्हणणे सांगण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होईल. धर्मभगिनींच्या दवाखान्यांत व धर्मग्रामातील शिबिरांत चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीचा रक्तदाब मोजताना, 'स्वयंपाक कशावर करता?' एवढा एक प्रश्न विचारला जावा.

मात्र काही गोष्टी एका घराच्या वा एका समूहाच्या आवाक्याबाहेर आहेत. ट्रकवर ताडपत्री, रस्त्यावर पाणी, विहिरींची तपासणी, महामार्गालगत पुन्हा झाडे, या मागण्या ग्रामसभेतच मांडाव्या लागतील. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घेतली जाते. तेथे रोजगाराइतक्याच ठामपणे आरोग्याचा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि तो अन्य धर्मीय शेजाऱ्यांसह विचारला गेला पाहिजे. कारण धूर वाडीची वा धर्माची सीमा पाहत नाही.

आपल्या किनाऱ्याची हवा आजही पुष्कळ अंशी राखता येण्याजोगी आहे. मोठ्या शहरांना जे परत मिळवण्यासाठी कोट्यवधी रुपये खर्चावे लागत आहेत, ते आपल्याला केवळ जपायचे आहे. येत्या हृदय दिनी आपण आपला रक्तदाब जरूर मोजून घ्यावा. त्याच दिवशी घरातील चुलीपाशी, न्हाणीपाशी आणि अंगणाच्या कोपऱ्यातील राखेच्या ढिगापाशीही क्षणभर थांबून, या धुराचा वाटा घरात कोण उचलत आले आहे, हे पाहावे.